चित्र वाचताना – ७ : दिव्याचा उजेड येतो कुठून?

शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी चालली होती. वस्तुचित्रासाठी सरांनी पितळी तांब्या, एक जांभळं वांगं आणि मागे चुण्या पडलेलं निळं कापड मांडलं होतं. माझं चित्र वेळेआधी झालं. मग सगळी मुलं करायची तेच मीही केलं. पांढऱ्या रंगाची ट्यूब पिळली आणि तांब्याच्या पोटावर एक, वांग्याच्या पाठीवर एक असे दोन टपोरे ठिपके ठेवून दिले. झाली चकाकी! सर मागे येऊन उभे राहिले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वांग्यावर चुना कुणी सांडला रे?" वर्ग हसला. "चकाकी लावायची नसते, राखायची असते," एवढं बोलून ते पुढच्या बाकाकडे गेले.

राखायची म्हणजे काय, हे नीट कळायला पुष्कळ वर्षं जावी लागली. म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात सावळाराम लक्ष्मण हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप'पुढे उभा होतो, तेव्हा सरांचं वाक्य एकदम आठवलं. गेल्या भागात आपण रचना पाहिली. आज टोन. मराठीत याला छटा, छायाभेद असे शब्द आहेत, पण चित्रकारांच्या तोंडी टोनच असतो, म्हणून मीही तोच वापरतो. रंग कोणता, हा प्रश्न टोनच्या हिशेबात येतच नाही. तो किती उजळ आणि किती गडद, एवढंच पाहायचं.

हे चित्र तुम्ही पाहिलं असेल, निदान छापील स्वरूपात तरी. पूर्ण उंचीची उभी स्त्री, अंगावर जांभळट-गुलाबी साडी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. बोटांच्या फटींतून उजेड झिरपतोय, बोटं आतून पेटल्यासारखी तांबूस झालीत, चेहरा उजळलाय, मागे काळोख. दिवा घेऊन उभी आहे ती हळदणकरांची कन्या गीता. चित्र १९४०च्या दशकाच्या मध्याचं आहे आणि ते जलरंगात आहे. ही शेवटची गोष्ट ऐकून लोक चमकतात. कित्येक जण तर ते राजा रविवर्म्याचं समजून पाहतात. रविवर्मा १९०६ साली वारले आणि त्यांचं मुख्य माध्यम तैलरंग. पण त्यांची चित्रं त्याच संग्रहात आहेत, शिवाय साडीतली देखणी बाई दिसली की आपल्याकडे रविवर्म्याचं नाव आपोआप तोंडात येतं. हळदणकर सावंतवाडीचे, जन्म १८८२चा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९०८मध्ये स्वतःची चित्रशाळा काढली. सावंतवाडीच्या माणसाची कमाई अशी परस्पर त्रावणकोरच्या खात्यात जमा होताना पाहून माझ्यातला कोकणी माणूस जरा चिडतो, ते सोडा.

मूळ प्रश्नाकडे येऊ. कागद काही पेटलेला नाही. मग तो दिव्यासारखा दिसतो कसा?

हिशेब मांडून पाहा. स्वच्छ पांढऱ्या कागदावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० ते ९० टक्के आपल्या डोळ्यांकडे परत येतो. गडद काळ्या रंगावरून ३-४ टक्के येतो. म्हणजे चित्रातली सगळ्यांत उजळ जागा आणि सगळ्यांत काळोखी जागा यांच्यातला फरक फार तर २०-३० पटींचा. खऱ्या अंधाऱ्या खोलीत ज्योत आणि कोपरा यांच्यात हजारो पटींचा फरक असतो. हजारांचा संसार चित्रकाराला तीस रुपयांत करायचा आहे. काटकसर आलीच. आणि टोनची सगळी कला म्हणजे ही काटकसर कुठे करायची आणि हात कुठे सैल सोडायचा, याचं भान.

ते भान कसं काम करतं, हे पाहायला एक सोपी युक्ती आहे. पोस्टकार्डाला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा आणि छापील चित्रावर ते अशा तऱ्हेने ठेवा की भोकातून फक्त तिच्या गालाचा तुकडा दिसेल. उजेड गायब होतो. उरतो साधा गव्हाळ-नारिंगी रंग, कुणीही पॅलेटवर सहज कालवील असा. कार्ड उचललं की गाल पुन्हा उजळतो. गालावर उजेड लावलेलाच नाही. गालाभोवती जे आहे, त्याने गालाला उजेड दिलाय. माझ्या तांब्यावरच्या ठिपक्याचं नेमकं उलटं झालं होतं. ठिपका पांढराशुभ्र होता, पण आजूबाजूचा तांब्या मी इतका फिकट ठेवला होता की त्या पांढऱ्याला चमकायला जागाच नव्हती. तो आपला चुन्यासारखा बसून राहिला.

इथे माध्यमाचा प्रश्न येतो आणि या चित्राची खरी गंमतही तिथेच आहे. तैलरंगात उजेड शेवटी लावता येतो. गडदावर फिकट चढतं. रेम्ब्रांने दागिन्यांवर, नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर पांढऱ्याचे जाड थर ठेवले आहेत, बोटाने चाचपता येतील असे. शुद्ध पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतो. पांढरा म्हणजे कागद. उजेड रंगाच्या पातळ थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. म्हणजे जलरंगातला दिवा खरोखरच आतून उजळतो. पण त्यासाठी ती जागा पहिल्यापासून मोकळी ठेवावी लागते. चित्रात कुठे काय येणार हे अजून ठरलेलंही नसतं, तेव्हा सगळ्यांत उजळ जागा कुठली हे मात्र पक्कं ठरलेलं लागतं. एकदा तिथे रंग गेला की कागदाचा तो कोरेपणा पूर्णपणे परत मिळत नाही. ओल्या ब्रशने रंग उचलता येतो, पण खाली डाग राहतो. सर 'राखायची' म्हणाले ते हे.

उजेड राखण्यापेक्षाही अवघड काम अंधाराचं असतं. जलरंग वाळल्यावर फिका पडतो. ओला असताना जो काळोख भरदार दिसतो, तो वाळला की धुवट होतो. मग त्यावर दुसरा हात, तिसरा हात. प्रत्येक वेळी खालचा थर उठण्याची, कडेला डाग धरण्याची, रंग मळण्याची भीती. डब्यातला काळा रंग सरळ लावावा, तर तो भोक पडल्यासारखा मेलेला दिसतो. म्हणून जलरंगवाले अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना यांसारखे दोन परस्परविरोधी रंग मिसळून गडद तयार करतात. त्यात कुठे निळसर, कुठे तपकिरी झाक उरते आणि अंधाराला खोली येते. समुद्राच्या लाटा, पावसाळी आकाश, झाडी ही जलरंगाची सोयीची गिऱ्हाइकं. मोठा काळोख हे गैरसोयीचं गिऱ्हाईक. हळदणकरांनी नेमकं तेच घरात घेतलं. अभ्यासकांचं माहीत नाही, मला मात्र या चित्रात बोटांपेक्षा मागचा काळोख जास्त थोर वाटतो. लोक बोटांपाशी थांबतात, ते साहजिकच आहे.

आणि बोटं तरी काय! घरी टॉर्च तळहाताला लावून पाहिलात तर असाच तांबूस उजेड दिसेल. रक्त निळा आणि हिरवा उजेड शोषून घेतं, तांबडा बराचसा आरपार जाऊ देतं. म्हणून बोटं पिवळी न दिसता लाल दिसतात, आणि जिथे मांस पातळ, तिथे कडा जास्त पेटतात. टोनच्या दृष्टीने यात एक पेच आहे. पिवळा रंग भरपूर शुद्ध असतानाही उजळ राहतो. तांबडा तेवढाच शुद्ध ठेवला तर टोनमध्ये बराच गडद येतो. म्हणजे बोटं ज्योतीपेक्षा गडद, तरीही पेटलेली दिसायला हवीत. ज्यांना रंग कळतो पण टोन कळत नाही, ते इथे तांबड्यात पांढरा घालतात आणि बोटांचा गुलाबी पेढा करून ठेवतात.

तीनशे वर्षं आधी लोरेनच्या जॉर्ज द ला तूरने हाच पेच तैलरंगात सोडवला होता. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात त्याचं 'संत जोसेफ सुतार' हे १६४०च्या दशकातलं चित्र आहे. म्हातारा जोसेफ वाकून गिरमिटाने लाकडाला भोक पाडतोय आणि समोर लहानगा येशू मेणबत्ती धरून बसलाय. त्याच्याही बोटांतून उजेड आरपार येतो. ला तूरपुढे हळदणकरांचं चित्र ठेवलं की फरक लगेच लक्षात येतो. ला तूरच्या पोराचा चेहरा जवळजवळ सपाट, तेजाने धुतल्यासारखा आहे. जोसेफचं कपाळ, दंड आणि पोराचा चेहरा अशा मोजक्याच जागा उजळ आणि बाकी सगळं अंधारात बुडालेलं. तो नाट्य उभं करतो. हळदणकर इतके कडक नाहीत. साडीच्या चुण्या, पदराचा झोक त्यांना सोडवत नाही. टीकाकार याला गोडवा म्हणतील, आणि अगदी खोटं नाही ते. पण गोडवा आहे म्हणून कसब कमी होत नाही.

त्या साडीकडे आता टोन विसरून, रंग म्हणून पाहा. वेगवेगळ्या छापील प्रतींत ती कुठे गुलाबी, कुठे चक्क जांभळी दिसते, त्यामुळे नेमक्या छटेवर वाद घालण्यात अर्थ नाही. पण तिचा कल जांभळ्याकडे आहे, हे महत्त्वाचं. जांभळा हा पिवळ्याचा विरोधी रंग. मिशेल शेवरल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. भित्तिपट विणणाऱ्यांची तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा रंगत नाही. त्याने तपासलं, तर रंगाई ठीक होती, दोष शेजारच्या धाग्यांचा होता. शेजारी कुठला रंग आहे, त्यावर काळ्याचं काळेपण ठरत होतं. त्यावर त्याने १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढच्या चित्रकारांनी तो मनावर घेतला. जांभळट साडीशेजारी दिव्याचा पिवळा जास्त पिवळा होतो, तो याच न्यायाने. आपल्याकडे झेंडूच्या माळेत मधूनमधून जांभळी शेवंती ओवणाऱ्या फुलवाल्या बाईला हे कुणी शिकवलेलं नसतं.

रचनेचा एकच मुद्दा, कारण तो टोनला चिकटलेला आहे. ज्योत आडोशाला आहे. ती पूर्ण दाखवली असती, तर नजर तिच्यावर खिळली असती आणि कागदाच्या तीस रुपयांत ज्योत फिकीच पडली असती. ती झाकली, आणि तिचे पुरावे तेवढे ठेवले : बोटांच्या कडा, हनुवटीची खालची बाजू, छातीवरच्या चुण्या. नजर हातावरून चेहऱ्यावर जाते आणि मग सावकाश खाली निऱ्यांकडे उतरते. अंतर दुप्पट झालं की छोट्या दिव्याचा उजेड चौथाई होतो, हा भौतिकशास्त्राचा नियम. चित्रकार तो गणिताने पाळत नाही, पण पार मोडला तर डोळ्याला चटकन खोटं वाटतं. नाटकातल्या बाईच्या हातात समई असावी आणि उजेड मात्र वरच्या स्पॉटचा पडावा, तसं.

पोताबद्दल आज फार बोलत नाही. जलरंगात पोत बराचसा कागदाचाच असतो. खरबरीत कागदाच्या खळग्यांत अल्ट्रामरीनसारखे दाणेदार रंग बसतात आणि गडद जागा बारीक थरथरते, एवढं मूळ चित्राच्या जवळ गेल्यावर शोधा. छापील प्रतीत ते मरतं.

या आठवड्याचा गृहपाठ. चित्राची एखादी बरी प्रत फोनवर घ्या आणि फोनमध्येच ती कृष्णधवल करा. बोटं अजून उजळ दिसतात का, की त्यांचं पेटणं निव्वळ रंगावर चाललं होतं? चेहरा आणि हात, जास्त उजळ कोण? मग रात्री दिवे घालवून घरातल्या कुणालातरी निरांजन हातात देऊन भिंतीपाशी उभं करा आणि डोळे बारीक करून पाहा, म्हणजे तपशील पुसले जाऊन फक्त टोन उरतील. फोटोही काढा. बहुतेक वेळा ज्योत पांढरीफटक येईल, नाहीतर चेहरा काळा पडेल. आणि निरांजन धरणाऱ्याला फार वेळ उभं करू नका, हात भरून येतो.

पुढच्या आठवड्यात पोत, आणि वासुदेव गायतोंडे. घरात रंगकामाचा जुना रोलर असेल तर टाकू नका, लागेल.