पायपेटी नवी, हिशेब जुना

पायपेटी म्हटली की येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे संगीत नाटकाचा पडदा आणि रंगमंचाच्या पायथ्याशी दोन्ही पायांनी भाता हलवीत बसलेला पेटीवाला उभा राहतो. आज आम्ही बोलणार आहोत ती पायपेटी निराळी. ही तळहाताएवढी ॲल्युमिनियमची डबी असते. गिटार वाजवणारा ती जमिनीवर ठेवतो आणि तिच्यावरची कळ बुटाने दाबतो. मुले तिला पेडल म्हणतात. आपणही तेच म्हणू.

युनियनच्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आमच्या एका सभासदाचा मुलगा भोसरीला कंत्राटावर होता. कंत्राट संपले, आणि त्याने घरीच पेडले बनवून विकण्याचा धंदा मांडला. हिशेबाची वही दाखवायला तो आमच्याकडे आला. त्या वहीने आमची झोप उडवली.

प्रथम ही डबी करते काय, ते पाहू. विजेच्या गिटारीत पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार हलली की वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते आणि ती आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे जाते. पेडल या दोहोंच्या मध्ये बसते. आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलात विजेची लाट प्रथम फुगवतात आणि मग तिचा माथा छाटतात. छाटलेल्या लाटेत मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर मिसळतात. चांगला आवाज बिघडवायला पैसे कशाला मोजायचे, असे आपल्याला वाटेल. आम्हालाही वाटले होते. पण तंबोऱ्याची जवारी तरी दुसरे काय करते? घोडीवर तार किंचित घासती ठेवायची, खाली सुताचा धागा सरकवायचा, म्हणजे वरचे स्वर जागे होऊन तंबोरा बोलू लागतो. घासणे तेच, एके ठिकाणी हस्तिदंत वा हाड, दुसरीकडे डायोड.

या आवाजाचा जन्मही अपघातातला. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशविल येथे एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असता यंत्राचा एक भाग बिघडला आणि वाद्याचा आवाज फाटला. तो फाटका आवाजच लोकांना आवडला. १९६२ साली तो मुद्दाम काढणारी 'माएस्ट्रो फझ-टोन' ही पेटी बाजारात आली. पुढे तिचा खप थंडावला, आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यात ती वाजल्यावर माल पुरेना. बाजार असा लहरी असतो, हे त्या मुलाला आम्ही दोनदा ऐकवले.

आता आपल्या गावाकडे येऊ. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत रेझिस्टर, कपॅसिटर, तारा, सोल्डरिंगचे सामान मिळते. पायाची दणकट कळ आणि काही खास ट्रान्झिस्टर बाहेरून मागवावे लागतात. डबीला भोके पाडणे, रंग भाजून घेणे ही कामे भोसरी-चिंचवडच्या छोट्या शेडमध्ये होतात. एक अडचण मात्र पुण्याच्या उन्हाळ्याची. जुन्या धाटणीच्या पेडलात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर घालतात, आणि उष्णता वाढली की त्यांतून वीज अधिक गळते. जानेवारीत जुळवलेले पेडल एप्रिलमध्ये भलतेच बोलते. या मुलाची दोन पेडले अशीच परत आली. तेव्हापासून तो डबी उन्हात तापवून तपासतो.

आता वही. एका पेडलाला सुट्या भागांचे २,००० रुपये लागतात, तो ते ३,००० ला विकतो; म्हणजे १,००० नफा, असे त्याने लिहिले होते. आम्ही विचारले, वेळ किती लागतो? भोके, सोल्डरिंग, जोडणी, तपासणी, गिऱ्हाइकाशी बोलणे आणि पार्सल मिळून सहा तास. बनवली किती? वीस. विकली किती? बारा. म्हणजे ४०,००० रुपये बाहेर गेले, ३६,००० आले. १२० तास राबून चार हजार पदरचे घातले आणि आठ डब्या फळीवर बसल्या. कारखान्यात याहून कमी अन्याय झाला तरी हाच मुलगा गेटवर घोषणा देत उभा राहिला असता! स्वतःच मालक झाला की मनुष्य स्वतःच्या मजुरीविषयी इतका मुका का होतो, हे आम्हाला तीस वर्षांत उलगडलेले नाही.

मग आम्ही दोघांनी नवा हिशेब मांडला. भाग २,०००, तासाला १५० प्रमाणे सहा तासांचे ९००, हत्यारांची झीज आणि परत येणाऱ्या मालासाठी ४००, एकूण ३,३००. दुकानातून विकायचे आणि दुकानदाराने किमतीच्या ३० टक्के घ्यायचे ठरले, तर किंमत ४,७०० च्या घरात जाते. "काका, एवढ्यात चिनी बनावटीची दोन येतात," तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते. स्वस्ताईच्या शर्यतीत एकट्या कारागिराने उतरूच नये.

येथे मिरजेकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू तंतुवाद्यांकडे वळले. शस्त्रांचे काम आटले होते, हात मात्र शिल्लक होते. पंढरपूर भागातले भोपळे आणून तेथे तंबोरे घडू लागले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचा तंबोरा स्वस्त म्हणून कोणी घेत नाही. गवई कारागिरापुढे बसतो, आपला स्वर सांगतो, जवारी लावून घेतो, आणि काही काळाने पुन्हा येतो. पेडलाचेही तसे होऊ शकते: वादकासमोर भाग बदलून आवाज जुळवायचा, दुरुस्तीची हमी द्यायची, ऑर्डर आल्यावरच बनवायचे. मुंबईच्या ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनची पेडले परदेशी वादकांपर्यंत पोहोचली आहेत, तेव्हा हे अशक्य नव्हे. उद्यमची नोंदणी फुकट होते. मात्र राज्याबाहेर माल विकायचा तर जीएसटीची चाळीस लाखांची सवलत धरून बसू नये. नोंदणी आधी करावी लागते.

एक गोष्ट आम्ही त्याच्या घरी जाऊन पाहिली. ज्या टेबलावर सोल्डरिंग, त्याच टेबलावर जेवण. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते. ते धुरापेक्षा बोटांवाटे पोटात जाते. धूर असतो राळेचा, आणि त्याने दमा जडतो. खिडकीपाशी पंखा, वेगळी फळी आणि साबणाने हात धुणे एवढे त्या दिवशीच ठरले. आणि तेथेच दिसले की रात्री धाकटी बहीण रेझिस्टरची पाती वाकवून, मोजून ठेवते. तिचे तास वहीत नव्हतेच. विड्या वळणाऱ्या घरांत आम्ही हे आयुष्यभर पाहिले: हात साऱ्या कुटुंबाचे, नाव एकाचे.

महिन्याने तो पुन्हा आला. वहीत आता दोन रकाने होते, एक त्याचा, एक बहिणीचा. तिच्या रकान्यात अकरा तास मांडलेले होते. त्याचे पैसे तिला कधी देणार, एवढेच आम्ही विचारले. पुढच्या डबीचे पैसे आले की, तो म्हणाला. आम्ही ती तारीख वहीत लिहून घेतली.