रेजेक्स आतून बघताना : ‘वळवी’ का अडतो?

आज आपण नवीन रेग्युलर एक्सप्रेशन लिहिणार नाही, लिहिलेलं उघडून बघणार आहोत.

समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या एका शाळेची हजेरी संगणकावर चढवायची आहे. आडनावाच्या रकान्यात अक्षरंच यावीत म्हणून आपण पायथनमध्ये नमुना दिला : बॅकस्लॅश डब्ल्यू, पुढे प्लस. पूर्ण शब्द जुळायला हवा, अशी अट घातली. ‘भगत’ टाकून बघितलं, चाललं. आपण खूश! मग ‘वळवी’ आलं आणि नाकारलं गेलं. पाडवी, वसावे, गावित, सगळी गेली. ज्या आडनावांशिवाय इथली हजेरी पुरी होत नाही, नेमकी तीच.

आता नमुना कंपाइल करताना ‘री डॉट डीबग’ हा फ्लॅग द्या. पायथन त्या नमुन्याची फोड पडद्यावर छापतो. वर ‘मॅक्स रिपीट’, म्हणजे एकदा ते कितीही वेळा. त्याच्या पोटात ‘इन’, आणि आत एकच ओळ : ‘कॅटेगरी वर्ड’. बस, एवढंच. आपण ‘मराठी अक्षर’ म्हटलेलंच नव्हतं. आपण एका तयार वर्गाचं नाव घेतलं. त्या वर्गात अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर बसतात. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. म्हणून ‘वळवी’तली शेवटची वेलांटी बाहेर राहते. याच नमुन्याने ‘नंदुरबार’ शोधलं तर चार तुकडे मिळतात : न, द, रब, र. ‘भगत’ला मात्राच नाही, म्हणून तो सुटला. चाचणीसाठी आपण नाव निवडलं तेच चुकीचं, बरं का!

मग देवनागरीचा पट्टा देऊ : ०९०० ते ०९७एफ. फोडीत आता ‘रेंज’ आणि पुढे २३०४, २४३१ असे दशमान आकडे दिसतात. वळवी आत आला. पण नीट बघा, दंड हा २४०४ वर आहे, मराठी अंकही याच पट्ट्यात आहेत. म्हणजे ‘वळवी५’ सुद्धा आत येणार. ते नको असेल तर पट्टा तोडावा लागेल.

दुसरी गंमत तालुक्याची. अक्राणी तालुक्याचं मुख्यालय धडगाव, त्यामुळे लोक दोन्ही नावं लिहितात. आपण लिहिलं : ^अक्राणी|धडगाव$. वाचताना वाटतं, दोन्हींपैकी एकच शब्द, अख्खा. फोड वेगळं सांगते. सगळ्यात वर ‘ब्रँच’ आहे. सुरुवातीची खूण फक्त अक्राणीच्या फांदीवर, शेवटची फक्त धडगावच्या. त्यामुळे सर्चने शोधलं तर ‘मुक्काम पोस्ट अमुक, तालुका धडगाव’ हा सबंध पत्तासुद्धा तालुक्याच्या रकान्यात पास होतो. कंस घाला : ^(अक्राणी|धडगाव)$. आता दोन्ही खुणा बाहेर आणि ब्रँच ‘सबपॅटर्न’च्या आत गेलेली दिसेल.

फोड प्रोग्रॅममधूनच हवी असेल तर पूर्वी ‘एसआरई पार्स’ मॉड्यूल वापरत. ३.११ आवृत्तीपासून ते वापरू नये असं पायथनच बजावतो. तो भाग आता लायब्ररीच्या अंतर्गत आहे आणि केव्हाही बदलू शकतो. आपल्या कामाला डीबग पुरेसं आहे. आता हजेरीतलं सगळ्यात जास्त काना-मात्रा असलेलं आडनाव घ्या आणि चालवून बघा.