आरशात काहीच नव्हतं!

मागच्या दिवाळीत सुरतेला उधन्यात मावसभावाकडे गेलो होतो. रिंगरोडवर कापड बाजारापाशी त्याने गाडी डावीकडे घेतली आणि साड्यांचे गठ्ठे लादलेली मोपेड अगदी दाराला घासून गेली. वहिनी ओरडल्या. भाऊ म्हणाला, "आरशात काहीच नव्हतं!"

तो खोटे बोलत नव्हता. आरशात निम्मे त्याच्याच गाडीचे दार दिसत होते. आपणही बहुतेक जण आरसे असेच लावतो. आरसा म्हणा की कन्नडी, सवय स्वतःला पाहण्याचीच!

जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने १९९५ साली यावर सोपा उपाय मांडला. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा असे करावे. डोके उजव्या काचेला टेकवून उजवा आरसा इतका बाहेर वळवा, की आपल्या गाडीची फक्त कड दिसेल. मग डोके गाडीच्या मध्याकडे नेऊन डावा आरसाही तसाच लावा. सरळ बसल्यावर आपली गाडी त्यांत दिसणार नाही. थेट मागचे पाहायला आतला आरसा आहेच. तरीही वळण्यापूर्वी मान वळवून पाहाच. दुचाकी चटकन लपते.

निघायच्या दिवशी सकाळी भाऊ गाडीत बसून आरसे लावत होता. वहिनी मागून हळूहळू दारापर्यंत चालत येत विचारत होत्या, "आता दिसते का? आणि आता?"

तिसऱ्या फेरीला त्या कुठेच लपल्या नाहीत.