दादरचे दोन एक नंबर

१९९१ सालच्या मे महिन्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा मुंबईला आले. मी तेव्हा अंधेरीच्या एका कारखान्यात नुकताच नोकरीला लागलो होतो. गावी टाकलेल्या पोस्टकार्डात मी लिहिलं होतं, 'एस.टी.ने दादरला उतरा आणि स्टेशनात एक नंबरच्या फलाटावर थांबा. मी आठला येतो.' अण्णा पूर्वेला उतरले, विचारत विचारत पुलावर चढले, पाट्यांवरचे आकडे उतरत्या क्रमाने वाचत एक नंबरला आले आणि वळकटीवर बसून राहिले. मी पश्चिमेला, फूलबाजाराच्या अंगाच्या एक नंबरवर उभा. साडेदहापर्यंत आम्ही दोघंही अगदी बरोबर जागी होतो. शेवटी एका हमालाला विचारलं, तर तो म्हणाला, "कुठला एक नंबर? सेंट्रलचा की वेस्टर्नचा?"

चूक माझी. रोज तिथून जाणारा मी, कुठल्या रेल्वेचा ते लिहायलाच विसरलो होतो. अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "एका स्टेशनात दोन एक नंबर कशाला रे?" मला उत्तर देता आलं नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही आणि रेल्वेच्या नोकरीतही कधी नव्हतो. पण रद्दीच्या दुकानात जुनी वेळापत्रकं दिसली की उचलायची सवय मला लागली ती त्या प्रश्नापासून.

उत्तर कापसापाशी सुरू होतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या कंपनीची होती, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची 'जीआयपी'. ठाणे हे तिचं उद्दिष्ट नव्हतंच. घाट चढून खानदेश-वऱ्हाडचा कापूस बंदरात आणायचा होता. दुसरी कंपनी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, ऊर्फ 'बीबीसीआय', १८५५ साली स्थापन झाली. तिचा डोळा गुजरातच्या कापसावर. तिने काम सुरू केलं सुरतेच्या बाजूने आणि रूळ टाकत टाकत १८६४ साली ती ग्रँट रोडपर्यंत पोचली. एक कंपनी मुंबईतून बाहेर निघालेली, दुसरी बाहेरून मुंबईत शिरलेली.

मुंबई बेट मात्र चिंचोळं. एक मार्ग शीवच्या बाजूने येतो, दुसरा वांद्रे-माहीमकडून. दादरच्या उत्तरेला ते इतके लांब आहेत की माटुंगा सेंट्रलचं आणि माटुंगा रोड वेस्टर्नचं, अशी दोन वेगळी स्टेशनं आहेत. दादरला येईपर्यंत दोन्ही मार्ग शेजारी येतात आणि परळपर्यंत एकमेकांना खेटून धावतात. इथे एकत्र स्टेशन बांधावं असं ठरवून काही झालेलं नाही. जमीनच तेवढी होती. पुढे दोघींनी आपापले कारखानेही जवळजवळच काढले, जीआयपीने परळला आणि बीबीसीआयने लोअर परळला.

बीबीसीआयची पहिली लोकल विरारहून बॅक-बेला आली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. दिवसाला जाऊन-येऊन एकच फेरी! तिच्या थांब्यांच्या यादीत आपलं दादर 'दादुर' म्हणून आहे आणि वांद्रे 'बांदोरा' म्हणून. दादर या शब्दाचा मराठीत अर्थ जिना. गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं म्हणतात. खरंखोटं काही असो, आजच्या स्टेशनाला ते शोभतं.

आता दोन कंपन्या, दोन मालक, दोन हिशेबवह्या. प्रत्येकीने आपल्या फलाटांना आपल्या हद्दीत पश्चिमेकडून पूर्वेकडे आकडे दिले. त्यामुळे बीबीसीआयचा शेवटचा फलाट संपला की शेजारीच जीआयपीचा पहिला सुरू. कंपन्यांच्या दृष्टीने यात गोंधळ काहीच नव्हता. आकडा स्टेशन मास्तर, सिग्नलवाला आणि गार्ड यांच्यासाठी होता आणि त्यांच्यापैकी कुणाला शेजारणीच्या एक नंबरशी कर्तव्य नव्हतं. दोन्हीकडे ये-जा करणारा माणूस कुणाच्याच वहीत नव्हता.

तो माणूस वाढला मात्र झपाट्याने. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दादर-माटुंग्याला मोकळ्या हवेची वस्ती आखली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातल्याच. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबं गिरगाव सोडून इकडे सरकू लागली. पूर्वेला ट्रामचं शेवटचं स्थानक झालं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून निघून दादरलाच थांबली, 'दादर टी.टी.'मधला ट्राम टर्मिनस अजून लोकांच्या तोंडी आहे.

दरम्यान कंपन्या संपल्या. जीआयपी १९२५ साली सरकारने ताब्यात घेतली, बीबीसीआय १९४२ साली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, एकाच दिवशी, पहिलीची मध्य रेल्वे आणि दुसरीची पश्चिम रेल्वे झाली. मालक एक झाला, फलाटांचे आकडे दोनच राहिले. विजेचंही तसंच. दोन्ही रेल्वेंनी १९२०च्या दशकात दीड हजार व्होल्टची डीसी वीज घेतली. पुढे पंचवीस हजार व्होल्टच्या एसीवर जाताना पश्चिम रेल्वेचं काम २०१२ साली संपलं आणि मध्यच्या या भागाचं २०१५ साली. म्हणजे मधली तीन वर्षं दादरच्या एकाच पुलाखाली दोन जातींची वीज वाहत होती. वर चालणाऱ्याला पत्ताही नव्हता.

दोन रेल्वेंना जोडणारी जागा म्हणजे पूल, आणि पूल हा अशा स्टेशनाचा सर्वांत अरुंद भाग. शेजारच्या परळ आणि एल्फिन्स्टन रोडची जोडणीही तशीच. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी तिथल्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. फेब्रुवारी २०१८मध्ये लष्कराने बांधलेला नवा पूल तिथे उभा राहिला. फलाटाच्या आकड्याचा त्या दुर्घटनेशी संबंध नाही. पण चुकीच्या एक नंबरला जाऊन परत फिरणारा प्रत्येक माणूस पूल दोनदा चढतो, आणि दादरला असे चुकणारे बहुतेक नवखेच असतात. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी गावोगावाहून माणसं उतरतात, त्यात कित्येकांचं हे पहिलंच दादर असतं.

आकडे बदलले ते ९ डिसेंबर २०२३ पासून. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आठपासून पुढे सुरू झाले. वाचकांना हिशेब सोपा करून सांगतो: मध्यचा जुना एक झाला आठ, जुन्या तीनपासून आठपर्यंतच्या आकड्यांत सहा मिळवायचे. तीनचा नऊ, आठचा चौदा. सात का नाही? कारण जुना दोन उरलाच नाही. एक नंबरची रुंदी वाढवताना तो बंद झाला आणि दादरहून सुटणाऱ्या लोकल परळहून सुटू लागल्या. कंपन्यांचा संसार आटोपल्यावर ८१ वर्षांनी स्टेशनाची मोजणी एक झाली. माझ्या मते दादरच्या इतिहासात ही तारीख १८६७ इतकीच महत्त्वाची आहे. खर्च झाला तो बहुधा पाट्या रंगवण्याचा. अण्णा हे पाहायला नव्हते.

जुन्या प्रवाशांची जीभ मात्र वळत नाही. 'जुना चार', 'सेंट्रलचा पाच' अजून ऐकू येतं, आणि विचारणारा नवा असला की सांगणाऱ्याला मनातल्या मनात बेरीज करावी लागते.

दादरला आकड्याचा आणखी एक चकवा आहे. २०१७ साली केशवसुतांच्या कवितेवरून जिला 'तुतारी' हे नाव मिळालं, ती सावंतवाडीची एक्स्प्रेस रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. तारीख तेव्हा बदललेली असते. शनिवारचं तिकीट म्हणून शनिवारी रात्री ऐटीत आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. यंदा गणपतीला भाची त्याच गाडीने निघाली, तेव्हा तिला शुक्रवारी रात्री अकरालाच ये म्हणून बजावलं आणि फलाटाचा आकडा कळवला. सेंट्रलचा, हे लिहायची आता गरज नव्हती. तरी लिहिलंच.