चार सेकंदांचं उड्डाण: आरसी विमान नेमकं का पडतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इयरफोन घरात कुणीतरी पळवलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं छाटलंय, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

तर आजचा विषय आरसी विमानं. आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल. सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. माझं पहिलं विमान मी तीन आठवडे खपून बनवलं होतं. साताऱ्याजवळ आमच्या गावच्या माळावर मित्राने ते हातातून सोडलं. नाक वर झालं, विमान क्षणभर हवेत अडकल्यासारखं थांबलं, मग एक पंख खाली टाकून गिरकी घेत थेट ढेकळांत. एकूण उड्डाण चार सेकंद! मी सगळ्यांना सांगितलं की वारा आला. खरं सांगू? पानही हलत नव्हतं.

माळावर रोज फिरायला येणारे एक काका होते. तरुणपणी त्यांनीही अशी विमानं उडवलेली. त्यांनी ते उचललं, दोन बोटांवर तोललं आणि म्हणाले, "अरे, हे घरीच पडलं होतं. इथे आणून तू फक्त आम्हाला दाखवलंस."

आजचा सगळा एपिसोड या एका वाक्यावर आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बरेच जण म्हणतात, "ड्रोनसारखंच ना ते?" नाही हो. चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये छोटा कॉम्प्युटर आणि सेन्सर सतत तोल सांभाळत असतात. जीपीएसवाल्या ड्रोनची स्टिक सोडली की तो जागेवर थांबतो. विमानाला थांबायची सोयच नाही. पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहत राहिली तरच ते वर राहतं.

आत असतं काय? एक ब्रशलेस मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, एक लायपो बॅटरी, तुमच्या हातातल्या ट्रान्समीटरचं ऐकणारा रिसीव्हर आणि नऊ-नऊ ग्रॅमचे तीन-चार सर्व्हो. सर्व्हो म्हणजे छोटे हातच समजा. पंखांच्या मागच्या कडेची ऐलरॉन हलली की विमान डावी-उजवीकडे कलतं. शेपटीवरचं आडवं एलिव्हेटर नाक वर-खाली करतं. उभं रडर नाक बाजूला वळवतं. सांगाडा फोम बोर्डाचा किंवा थर्माकोलचा. (थर्माकोल चिकटवायला साधा इन्स्टंट ग्लू वापरू नका, तो थर्माकोल खातो. ग्लू गन घ्या, पण फार तापू देऊ नका.) सगळ्यात मोठा खर्च बहुधा ट्रान्समीटरचा असतो, पण विमान पडलं तरी तो तुमच्या हातातच राहतो. पुढच्या दहा विमानांना तोच चालतो.

हे सगळं आज आयतं मिळतं. १९३७ मध्ये अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचं विमान रेडिओवर उडवलं, तेव्हा त्यांना रेडिओसुद्धा घरीच बनवावा लागला होता. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आता मुद्द्यावर येऊ. माझं विमान घरी पडलं म्हणजे काय?

सायकलच्या मागच्या कॅरिअरवर कधी धान्याचं पोतं ठेवलंय? पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकेनासं होतं. विमानाचंही तसंच. त्याचं सगळं वजन जिथे तोललं जातं, त्या जागेला सीजी म्हणतात, शाळेतला आपला गुरुत्वमध्य. साध्या सरळ पंखाच्या विमानात हा सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण २५ ते ३३ टक्क्यांवर हवा. म्हणजे पंख पुढून मागे २० सेंटिमीटर रुंद असेल, तर पुढच्या कडेपासून ५ ते साडेसहा सेंटिमीटरवर.

तिथे पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट लावा आणि विमान उचला. ते सपाट राहिलं किंवा नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपटी खाली गेली, तर उडवू नका. अजिबात नाही.

का? सीजी पुढे असला की वाऱ्याच्या झोताने नाक वर उचललं गेलं तरी विमान आपोआप पुन्हा सरळ होऊ पाहतं. सीजी फार मागे गेला की नाक एकदा वर गेलं म्हणजे आणखी वर जातं. वेग कमी होतो. पंख हवेला इतका तिरका होतो की वरून वाहणारी हवा त्याला धरून राहत नाही, सुटते. उचल एकदम कमी होते. याला स्टॉल म्हणतात. मी बॅटरी मधोमध ठेवली होती, कारण तिथे जागा होती. बस, एवढंच कारण! काकांनी ती चार बोटं पुढे सरकवायला लावली. खर्च शून्य रुपये. दुसऱ्या दिवशी डागडुजी केलेलं तेच विमान सहा मिनिटं उडलं आणि मी लहान मुलासारखा ओरडत होतो.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं.

काही महिन्यांनी एक सर्व्हो जळाला. रात्री नवीन बसवला आणि सकाळी घाईघाईत जवळच्या मैदानावर गेलो. पलीकडच्या टोकाला पोरं क्रिकेट खेळत होती. "लांब आहेत" असं म्हटलं आणि विमान सोडलं. ते थोडं डावीकडे कललं, मी उजवी स्टिक दिली. ते आणखी डावीकडे. मी आणखी उजवी दिली. नवीन सर्व्हो उलटा फिरत होता आणि मी तपासलं नव्हतं. विमान पोरांच्या दिशेने गेलं आणि एका फिल्डरपासून सात-आठ पावलांवर आपटलं. तो मुलगा तुकडे गोळा करून घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, परत उडवणार?" माझ्या तोंडून शब्द फुटेना.

घरी येऊन मी हिशेब केला, तुम्हीही करा. ७०० ग्रॅमचं विमान ताशी ५० किलोमीटरने येत असेल तर त्यात साधारण ६७ ज्यूल ऊर्जा असते. ताशी १०० किलोमीटरने टाकलेल्या सीझन बॉलमध्ये साधारण ६२. म्हणजे हेल्मेट नसलेल्या पोरावर आपण फास्ट बॉल टाकतोय, तोही पुढे फिरतं प्रोपेलर लावून. फोम दबेल हो, पण आतली बॅटरी आणि मोटर दबत नाहीत.

तेव्हापासून मी काही गोष्टी न चुकता करतो. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक: घरी टेबलावर काम करताना प्रोपेलर काढलेलं. नेहमी. मोटर कधी फिरेल सांगता येत नाही.

दोन: आधी ट्रान्समीटर चालू, मग विमानाची बॅटरी जोडायची. उतरल्यावर आधी बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर बंद.

तीन: विमानाच्या मागे उभं राहून स्टिक हलवायची. उजवीकडे दिली की उजवं ऐलरॉन वर गेलं पाहिजे. एलिव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढली की शेपटीची फळी वर. उलटं दिसलं तर ट्रान्समीटरमध्ये रिव्हर्स करायचं, दहा सेकंदांचं काम आहे.

चार: प्रोपेलर काढून, मोटर हळू फिरत असताना ट्रान्समीटर बंद करून बघायचा. मोटर थांबली पाहिजे. सिग्नल तुटला तर विमान पूर्ण जोरात कुणाच्या अंगावर जाऊ नये, म्हणून.

पाच: बॅटरी. लायपोचा एक सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट दाखवतो, साधारण साडेतीनच्या आसपास आला की विमान उतरवायचं. बरेच दिवस ठेवायची असेल तर ३.८ वर ठेवायची. चार्जिंगला लावून झोपायचं नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, मग ती कितीही महाग असो. लायपो पेटली तर विझवणं अवघड असतं.

सहा: माणसं नसतील अशीच जागा. आणि उडवायच्या आधी डिजिटल स्कायवरचा नकाशा बघायचा. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली विमानंही येतात. ग्रीन झोनमध्ये साधारणपणे १२० मीटर उंचीपर्यंत मुभा आहे, विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटर परिसरात ६० मीटरपर्यंतच. यलो आणि रेड झोनमध्ये परवानगीशिवाय नाही.

आता हवेतलं एक गुपित. विमान तुमच्यापासून लांब जात असतं तेव्हा डावं-उजवं सरळ असतं. ते तुमच्याकडे तोंड करून यायला लागलं की सगळं उलटं दिसतं आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो. तेव्हा डोकं लावत बसू नका. जो पंख खाली गेलेला दिसतोय, त्याच बाजूला स्टिक द्या, जणू त्या पंखाला आधार देताय. विमान सरळ होईल. हे फोनवरच्या सिम्युलेटरवर आधी शे-दीडशे वेळा करा. तिथे आपटायला पैसे पडत नाहीत.

कॉलेजात असाल तर एनसीसीच्या एअर विंगची चौकशी करा, तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात. नाहीतर आपल्या माळावरच्या काकांसारखा एखादा जाणकार शोधा. पहिल्या उड्डाणाला शेजारी कुणी असलं की फार फरक पडतो.

आणि आजचा होमवर्क! कागदाचं एक विमान करा. एकदा नाकाला यू-पिन लावून सोडा, एकदा शेपटीला. दोन्हींचा व्हिडिओ काढा आणि स्लो मोशनमध्ये बघा. माझी चार सेकंदं तुम्हाला तिथेच दिसतील, तीही फुकटात.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत बॅटरी पुढे, पोरं लांब आणि नजर विमानावर!