निर्मितिकेंद्री शिक्षण

उपयुक्त वस्तूची आखणी, घडण व चाचणी विद्यार्थ्याने स्वतः करावी आणि त्या ओघात संबंधित विषयांचे ज्ञान मिळवावे, अशी योजना असलेली शिक्षणपद्धती. कारागीर तयार करणे एवढाच तिचा हेतू नसून, अभ्यासाविषयी अनास्था असलेल्या विद्यार्थ्यांत शिकण्याची प्रेरणा जागविणे हे तिचे महत्त्वाचे कार्य होय.

अनास्था ही नेहमीच बुद्धिमांद्याची खूण नसते. शिकविलेल्या सूत्राचा उपयोग न दिसणे व वारंवार पदरी आलेले अपयश, ही तिची प्रमुख कारणे होत. निर्मितीत चुकीचे स्वरूपच बदलते. चार पट्ट्यांची चौकट डळमळली, तर दोष वस्तूच दाखविते. तिरपी पट्टी ठोकताच चौकट स्थिर होते आणि त्रिकोणाची दृढता प्रत्ययास येते. पाया आखताना ३, ४ व ५ या प्रमाणाच्या बाजूंनी काटकोन साधणाऱ्या विद्यार्थ्याला पायथॅगोरसच्या सिद्धांताचे प्रयोजन निराळे सांगावे लागत नाही.

फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांमुळे १८६६ मध्ये हस्तकामाला लोकशाळांच्या अभ्यासक्रमात स्थान मिळाले. स्वीडनमध्ये ऑटो सालोमोन यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या लाकडी वस्तूंची क्रमबद्ध मालिका रचली; मात्र ठरीव नमुन्यांच्या अनुकरणामुळे तीत कल्पकतेला वाव कमी राहिला. भारतात १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगाशी इतर विषयांचा समवाय साधणारी योजना मांडली. इंग्लंडमध्ये १९९० पासून ‘आरेखन व तंत्रविद्या’ हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आला व निर्मितीइतकेच आखणीलाही महत्त्व मिळाले.

महाराष्ट्रात श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सोडलेल्या ग्रामीण मुलांना तेथे अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या क्षेत्रांतील कामे करीत शिकण्याची सोय झाली. पुढे ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने हा कार्यक्रम माध्यमिक शाळांतही आला. गावकऱ्यांची कामे मोबदला घेऊन करून देणे हा त्याचा एक विशेष होय. अशा कामात माप, अंदाजपत्रक व हिशेब यांत हयगय चालत नाही. काम पसंतीस उतरले, म्हणजे विद्यार्थ्याला गावात मान मिळतो. २००२ मध्ये पाबळ येथे संगणकनियंत्रित यंत्रांची ‘फॅब लॅब’ ही निर्मितिशाळा सुरू झाली.

ही पद्धती आपोआप फलद्रूप होत नाही. आखणीचा निर्णय शिक्षकानेच घेतल्यास काम यांत्रिक होते. कृतीनंतर कारणमीमांसा न झाल्यास हातास सवय लागते, परंतु ज्ञानात भर पडत नाही. साहित्याचा खर्च, हत्यारे वापरतानाची सुरक्षितता व शिक्षकांचे प्रशिक्षण या अडचणीही आहेतच. सर्वांत मोठा धोका सामाजिक आहे. हुशारांना पुस्तक व इतरांना हातोडा अशी विभागणी केल्यास ज्यांची अनास्था दूर करावयाची, त्यांच्यावरच कमीपणाचा शिक्का बसतो. म्हणून निर्मितीचे काम वर्गातील सर्व विद्यार्थ्यांना सारखेच असणे, ही या पद्धतीच्या यशाची पहिली अट ठरते.