पडद्यावरचा आत्मघात



आमच्या कॉलेजातली दोन-तीन वर्षांपूर्वीची एक हकिगत सांगतो. तास संपला, मुले बाहेर पडली, आणि मागल्या बाकावर बसणारी एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. मोबाईलवर पाहिलेल्या एका परदेशी मालिकेविषयी ती बोलू लागली. म्हणाली, "सर, ती मुलगी गेल्यावर तरी सगळ्यांनी तिचं ऐकलं, नाही का?" मी हजेरीपट आवरीत होतो. "परीक्षा जवळ आली आहे, मालिका जरा कमी पाहा," एवढे बोलून मी निघालो. एस.टी.च्या थांब्यावर पोचलो तरी तिचे ते दोन शब्द काही कानातून जाईनात. गेल्यावर तरी!

ती मालिका मी मग मुद्दाम पाहिली. 'थर्टीन रीझन्स व्हाय', म्हणजे 'तेरा कारणे', हे तिचे नाव. नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीने ती ३१ मार्च २०१७ रोजी आणली. हॅना नावाची शाळकरी मुलगी आपले जीवन संपविते आणि जाण्यापूर्वी कॅसेटींवर आपले म्हणणे भरून ठेवते. ज्यांनी तिला दुखविले त्यांनी त्या एकामागून एक ऐकायच्या, अशी योजना. आता गंमत पाहा. ही मुलगी मरूनही मालिकेतून जात नाही. भागाभागात ती बोलते, दिसते, अपराध्यांना रडविते. आपल्या मृत्यूचा परिणाम आपणच घडवून आणावा, अशी सोय लेखकाने तिला करून दिली आहे. खऱ्या आयुष्यात ही सोय नाही हो. कोण रडले, कोण पस्तावले, यातले काही म्हणता काही गेलेल्याला कळत नाही. पण मनातून दुखावलेल्या सोळा वर्षांच्या पोरीला हा फरक कसा उमजावा?

न्यूझीलंडात त्याच साली या मालिकेसाठी नवी श्रेणीच काढावी लागली : अठरा वर्षांखालील मुलांनी ती मोठ्यांच्या सोबतीनेच पाहावी. अमेरिकेत १० ते १७ वयाच्या मुलांतील आत्महत्या एप्रिल २०१७ मध्ये अपेक्षेपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी अधिक झाल्या, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. दुसऱ्या अभ्यासकाने तेच आकडे निराळ्या रीतीने तपासून शंका घेतली, तेव्हा सारा दोष मालिकेच्याच माथी मारणे बरे नव्हे. कंपनीने मात्र जुलै २०१९ मध्ये मृत्यूचे ते दृश्य कापून टाकले. तोवर दोन वर्षे उलटून गेली होती.

याहून स्वच्छ पुरावा जुना आहे, आणि तो पश्चिम जर्मनीतला आहे. १९८१ साली तेथील 'झेडडीएफ' या वाहिनीने 'एका विद्यार्थ्याचा मृत्यू' अशा अर्थाच्या नावाची सहा भागांची मालिका दाखविली. हेतू चांगला होता, हे आधी सांगितले पाहिजे. एकोणीस वर्षांचा विद्यार्थी जीव देतो. तो का गेला याचा शोध निरनिराळ्या माणसांच्या नजरेतून घ्यायचा, समाजाला विचार करायला लावायचे. पण तो मृत्यूचा प्रसंग पुन्हा पुन्हा पुढे येत राहिला. १९८२ साली मालिका परत दाखविली गेली. श्मिट्के आणि हेफ्नर या संशोधकांनी मग मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. मालिकेत दाखविलेल्या मार्गानेच झालेल्या आत्महत्या १५ ते १९ वर्षांच्या मुलांत, मालिकेच्या काळात आणि नंतरच्या काही आठवड्यांत, १७५ टक्क्यांपर्यंत वाढलेल्या निघाल्या. वय जसे नायकाहून दूर गेले तसा परिणाम विरत गेला. दुसऱ्या वेळी प्रेक्षक कमी होते. वाढही कमी होती. हा योगायोग म्हणावा तरी कसा?

मालिका पाहून धडधाकट, सुखी मूल उठते आणि जीव देते, असे कोणी समजू नये. तसे होत नाही. जे आधीच काठावर उभे आहे, त्याला पडद्यावरचा तो मुलगा आपल्यासारखा वाटतो. वय तेच, दुःख तेच. मग शेवटही तोच का नसावा, असे त्याचे मन म्हणू लागते. त्यातून नाटकाला एक ठळक कारण लागते. नापास झाला, म्हणून गेला. प्रेमात फसली, म्हणून गेली. खरे पाहता मनाचा आजार, दारू, कर्ज, घरातला छळ, एकटेपणा असे कितीतरी धागे गुंतलेले असतात, आणि ते पुष्कळदा सोडविता येतात. पण सुटलेल्या गुंत्याची जाहिरात कशी करणार?

जाहिरातीचा तर स्वतंत्र विचार व्हायला हवा. आठवडाभर आधीपासून, अगदी जेवणाच्या वेळी, रडणारी सून, बंद होणारे दार, चढत जाणारे संगीत, आणि वर प्रश्न : ती टोकाचे पाऊल उचलणार का? पाहा सोमवारी! सोमवारी कोणीतरी येऊन तिला वाचविते, आणि प्रकरण मिटते. मालिका न पाहणाऱ्यांच्या, लहान मुलांच्याही डोळ्यांपुढून तो तुकडा मात्र वीस वेळा जाऊन आलेला असतो. माणसाचे मरण आमिषासारखे गळाला लावावे, हे मला तरी अभद्र वाटते.

मग हा विषय नाटकांनी वर्ज्यच करावा काय? मुळीच नाही. ब्रिटनमधील 'कोरोनेशन स्ट्रीट' या फार जुन्या मालिकेत मे २०१८ मध्ये एडन कॉनर या तरुण पात्राचा असाच अंत झाला. लेखकांनी आधी 'समॅरिटन्स' या संस्थेचा सल्ला घेतला. मृत्यू दाखविला नाही. दाखविले ते मागे राहिलेले घर : बाप, बहीण, मित्र, आणि कुणालाच धड न सापडणारे उत्तर. त्याच कथेच्या ओघात दुसऱ्या एका पात्राने आपलेही मन मोकळे केले, आणि मदत कोठे मिळेल हे प्रेक्षकांना सांगितले गेले. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१० साली वृत्तपत्रांच्या बाबतीत असेच दाखविले होते. संकटातून जिवंत बाहेर आलेल्या माणसांच्या बातम्या जेथे छापून आल्या, तेथे नंतर आत्महत्यांचे प्रमाण उतरलेले दिसले. म्हणजे गोष्ट मारक होते, तशी तारकही होते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या वर्गातले मूल अशा मालिकेविषयी बोलू लागले तर माझ्यासारखी चूक करू नका. हातातले काम खाली ठेवा. "तुझ्या मनात असे विचार येतात का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट ओझे हलके होते. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, मराठीतसुद्धा, फुकट बोलता येते. हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुसला गेला तर पुन्हा लिहा.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात गाठले आणि सरळ विचारले. ती बराच वेळ पुस्तकाचे पान मुडपीत बसली, आणि मग बोलू लागली. घरचे शिक्षण थांबविणार होते. तेवढेच नव्हते, आणखीही होते. आमच्या एका सहकारी बाईंना मी बोलावून आणले. पुढे तिच्या मामांशी बोलणे झाले, जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या. यंदा ती पदवीची परीक्षा देते आहे. परवा वाचनालयाच्या दारात भेटली, तर जुन्या प्रश्नपत्रिका मागत होती.